चिनी सुलेखनकारांचा कुंचला वाचावा कसा: तुलनेची एक पद्धत

बोरूने किंवा कट निबने देवनागरीचा कित्ता गिरवलेल्या माणसाला अक्षरातला जाड-बारीकपणा दिसला की तो लेखणीच्या कोनातून आला असावा असे आपोआप वाटते, आणि देवनागरीपुरते ते बरोबरही आहे. बोरूचे टोक तिरपे कापलेले असते, ते एका कोनात धरले की रेघेची जाडी दिशेप्रमाणे बदलत जाते आणि हात थोडा जास्त दाबला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. चिनी कुंचल्याचे काम याहून वेगळे आहे. त्याचे केस निमुळते बांधलेले असतात. नुसते टोक टेकले तर केसाएवढी रेघ उमटते, पोटापर्यंत दाबले तर तीच रेघ कितीतरी पटींनी रुंद होते, आणि हे दोन्ही एकाच फटकाऱ्यात, हात न उचलता, घडू शकते. म्हणून चिनी सुलेखनकारांची एकमेकांशी तुलना करू पाहणाऱ्या मराठी वाचकाने कोन शोधण्याची सवय बाजूला ठेवून दाब वाचण्याची सवय लावून घ्यावी. कुंचला कुठे टेकला, कुठे दबला, कुठे उचलला गेला आणि त्याचे टोक रेघेच्या कोणत्या भागातून गेले, हे चार प्रश्न ज्याला विचारता येतात त्याला चिनी भाषा येत नसली तरी बरीच मजल मारता येते.

नागपुरात चित्रकलेचे विद्यार्थी, देवनागरी सुलेखन करणारे आणि मोडी शिकणारे बरेच जण आहेत. त्यांच्या हाताला वळणाची जाण आधीच आहे. पुढची पद्धत त्यांना डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे.

आधी काय पाहतो आहोत ते ठरवावे

तुलना बिघडते ती बहुधा सुरुवातीलाच, कारण दोन वेगळ्या जातींच्या लिखाणांची गाठ घातली जाते. चिनी लिपीच्या प्रमुख लेखनपद्धती पाच आहेत. प्राचीन मुद्रालिपी, तिच्यानंतरची कारकुनी वळणाची लीशू, प्रत्येक फटकारा सुटा ठेवणारी कायशू, फटकारे एकमेकांत गुंतवणारी धावती शिंगशू आणि अक्षराचा केवळ सांगाडा ठेवणारी अतिवेगवान त्साओशू. तांग राजवटीच्या काळातल्या दोन सुलेखनकारांची, यान झेनचिंगची कायशू आणि ह्वाइसूची त्साओशू, शेजारी ठेवून ‘एक स्थिर, दुसरा उधळलेला’ असे म्हणणे सोपे आहे, पण त्यात त्या दोन माणसांविषयी काहीच सांगितले जात नाही. दोन लेखनपद्धतींतला फरक तेवढा सांगितला जातो. नवख्याने कायशूपासूनच आरंभ करावा. तिच्यात प्रत्येक फटकाऱ्याला आरंभ, मध्य आणि शेवट स्पष्ट असतो.

दुसरी छाननी याहून महत्त्वाची आहे. समोरचे चित्र कागदावरच्या शाईचे आहे की दगडावरून घेतलेल्या ठशाचे? नागपूरच्या वाचकाला ठसा म्हणजे काय हे सांगायला नको. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी याच शहरात राहून वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख वाचले, आणि शिलालेखाच्या अभ्यासाचे काम आजही बरेचसे ठशांवरच चालते. ओला कागद दगडावर ठोकून बसवायचा आणि वर शाईची पुरचुंडी फिरवायची, म्हणजे कोरलेला भाग पांढरा राहतो आणि उरलेला काळा होतो. तांग काळातली बहुतेक प्रसिद्ध कायशू आपल्यापर्यंत अशीच पोचली आहे. त्यामुळे तिच्यात लिहिणाऱ्याच्या हाताबरोबर छिन्नीचाही हात आहे. वाकाटकांच्या लेखांतल्या अक्षरांच्या माथ्यावरची छोटी चौकोनी पेटी पाहून ती मूळ लेखणीची की कोरणाऱ्याची असा प्रश्न जसा मनात यावा, तसाच तो तांग काळातल्या ल्यू गोंगच्वानच्या फटकाऱ्यांचे धारदार कोपरे पाहतानाही यायला हवा. शिवाय दगड झिजतो. वरचा थर झिजत गेला की निमुळता कोरलेला चर अरुंद होतो आणि उशिरा घेतलेल्या ठशातली अक्षरे मूळ लिखाणापेक्षा कृश दिसतात. एका लेखाचे दोन ठसे दोन निरनिराळ्या माणसांचे वाटण्याइतका हा फरक मोठा असू शकतो. शाईचा ओलेपणा, सुकलेला कुंचला, लिहिण्याचा वेग यांविषयी ठशावरून कोणतेही विधान करू नये. ते फक्त शाईच्या लिखाणावरून करावे.

एक आडवी रेघ, तीन माणसे

तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयाने आपल्या संग्रहातल्या अनेक वस्तूंची मोठी छायाचित्रे मोफत उतरवून घेण्यासाठी खुली केली आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानेही तसेच केले आहे. हवी ती अक्षरे निवडून सीताबर्डीतल्या कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात ती सारख्या आकारात, एका ए-फोर कागदावर एक अक्षर, अशी छापून घ्यावीत. छापलेल्या प्रत्येक अक्षराखाली मूळ आकार मात्र लिहून ठेवावा. चौथ्या शतकातला सुलेखनकार वांग शीझी याच्या ‘लानतिंग प्रस्तावने’ची बीजिंगमध्ये असलेली प्रसिद्ध प्रत केवळ २४.५ सेंटीमीटर उंच आणि सुमारे ७० सेंटीमीटर लांब आहे, आणि तेवढ्यात २८ ओळी आहेत. दोन सेंटीमीटरच्या आसपासचे अक्षर बोटे आणि मनगट लिहितात, मोठे अक्षर कोपर आणि खांदा लिहितो. सारख्या आकारात छापल्यावर हा भेद दिसेनासा होतो.

आता छापलेल्या अक्षरावर बटर पेपर ठेवून फक्त एक लांब आडवी रेघ घ्यावी आणि लाल पेन्सिलीने तिची मधली वाट काढावी. त्यानंतर तिच्या आरंभाकडे नीट पाहावे. कुंचल्याचे टोक उघडे टेकले असेल तर रेघ टोकदार कोपऱ्याने सुरू होते. टोक लपवले असेल तर आरंभ गोलसर दिसतो, कारण टाका पक्का करण्यासाठी सुई आधी मागे घ्यावी तसा कुंचला आधी उलट दिशेने जाऊन मग वळलेला असतो.

औयांग शुनच्या (५५७–६४१) रेघेत हा आरंभ ठाम आणि छाटलेला आहे. जिउचेंग राजवाड्यातल्या झऱ्याविषयीचा त्याचा शिलालेख ६३२ सालचा, म्हणजे पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने लिहिलेला आहे. तरीही त्यातली आडवी रेघ पाहिली तर टेकलेल्या जागेपासून शेवटापर्यंत दाब जवळजवळ तसाच राहतो, फक्त मध्यावर किंचित हलका होतो. रेघ उजवीकडे चढते आणि शेवटी फार गाजावाजा न करता थांबते. यान झेनचिंगच्या (७०९–७८५) उतारवयातल्या लेखांत आडवी रेघ बारीक आहे, पण तिच्या उजव्या टोकाला कुंचला थांबून, खाली दबून, परत आत वळलेला दिसतो. त्यामुळे तिथे एक गाठ तयार होते. उभी रेघ मात्र आडवीच्या कितीतरी पट जाड असते. ल्यू गोंगच्वानच्या (७७८–८६५) ८४१ सालच्या श्वानमी स्तूपाच्या लेखात आडव्या-उभ्यातला हा फरक पुन्हा कमी होतो. त्याचा दाब सांध्यांवर एकवटतो; आरंभ, वळण आणि आकडा (फटकाऱ्याच्या शेवटचा हुक) या तीन ठिकाणी हाड असल्यासारखे कोपरे दिसतात आणि मधला भाग ताठ, सडसडीत राहतो. चिनी परंपरेत ‘यानचे स्नायू, ल्यूची हाडे’ असे म्हणतात. बटर पेपरवर काढलेल्या मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंची रुंदी मोजत गेले की हे म्हणणे अगदी शब्दशः पटते.

यान ओळखण्यासाठी आणखी एक खूण अतिशय भरवशाची आहे. उजवीकडे खाली उतरणारा लांब फटकारा घ्यावा. यानचा कुंचला या फटकाऱ्यात हळूहळू दबत जातो, पायथ्याशी सर्वांत रुंद होतो, तिथे क्षणभर थांबतो, आणि मग टोक बाहेर काढताना एक छोटी खाच सोडून निसटतो. पाकोळीच्या शेपटीसारखी दिसणारी ही खाच आहे. तिच्या मागची हालचाल समजून घ्यायची असेल तर स्वतः कुंचला हातात घेऊन तिथे थांबावे, टोक किंचित वर उचलून एकत्र जुळू द्यावे आणि मगच बाहेर यावे. न थांबता ओढले तर खाच येत नाही. औयांगचा हाच फटकारा आखूड आणि सरळ टोकाचा असतो. तांग काळातल्याच चू स्वेलियांगचा लांब, नागमोडी आणि लवचीक असतो.

चौकटीच्या दोन दांड्या

फटकाऱ्यांकडून अक्षराच्या बांधणीकडे येताना एकच कसोटी सांगायची झाली तर मी दोन समोरासमोरच्या उभ्या दांड्यांची सांगेन. दार, चंद्र, राष्ट्र या अर्थाच्या चिनी अक्षरांत डावी आणि उजवी अशा दोन उभ्या रेघा एकमेकींसमोर येतात. औयांग शुनच्या अक्षरात या रेघांची कंबर आत ओढलेली असते, जणू दोघी एकमेकींकडे पाठ करून उभ्या आहेत. त्यामुळे मधली पांढरी जागा आवळली जाते आणि अक्षर उंच, सावध दिसते. यानच्या अक्षरात त्या बाहेर फुगतात, एकमेकींकडे तोंड करतात, आतली जागा मोकळी होते आणि अक्षराला रुंद, भरदार बैठक मिळते. औयांगची चौकट आणि यानची चौकट बटर पेपरवर एकावर एक ठेवली की डोळ्यांना लगेच समजते. यू शिनान (५५८–६३८) हा औयांगच्याच काळातला. त्याचे वळण गोलसर आणि शांत आहे, पण ते ओळखायला डोळा थोडा तयार व्हावा लागतो, म्हणून नवख्याने त्याला नंतरसाठी ठेवावे.

मजकूर एकच, हात दोन

तुलनेसाठी सर्वांत उपकारक जोडी मला एका बौद्ध लेखात सापडली, आणि ती मराठी वाचकाला परकी वाटू नये. चालुक्य पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचे वर्णन करणारा ह्युएन त्सांग आपण शालेय इतिहासापासून ओळखतो. तो ६४५ साली चांगआन या राजधानीला परतला आणि सोबत आणलेल्या ग्रंथांची भाषांतरे करू लागला. त्या भाषांतरांना सम्राट ताइझोंगने प्रस्तावना लिहिली. तो मजकूर ६५३ साली चू स्वेलियांगने आपल्या अक्षरांत उतरवला आणि ती ह्युएन त्सांगच्या ग्रंथांसाठी बांधलेल्या स्तूपाच्या पायथ्याशी, आजच्या शीआन शहरात, कोरलेली आहे. तीच प्रस्तावना ६७२ साली दुसऱ्या एका दगडावर कोरली गेली, पण ती वांग शीझीच्या अक्षरांत. वांग शीझी तर तीनशे वर्षांपूर्वीचा. हुआइरेन नावाच्या भिक्षूने त्याच्या उपलब्ध लिखाणांतून एकेक अक्षर गोळा करून हा मजकूर जुळवला.

एकच मजकूर असल्यामुळे एकेक अक्षर शेजारी ठेवून पाहता येते. चूचा फटकारा बारीक आहे, पण दुबळा मुळीच नाही. तो आरंभी दबतो, मध्ये इतका उचलला जातो की रेघ तुटेल असे वाटते, आणि पुढे परत दबतो. सरळ असायला हवी ती रेघही त्याच्या हातून किंचित वाकलेली येते. वांगच्या अक्षरांत फटकाऱ्यांना जोडणारे बारीक धागे दिसतात, म्हणजे एक फटकारा संपताना कुंचला पुढच्याच्या दिशेने निघालेला असतो. मोडीची कागदपत्रे वाचणाऱ्यांना हे धागे लगेच ओळखू येतील. मात्र या दगडावरून वांगच्या ओळीची लय ठरवू नये. शेजारी बसलेली दोन अक्षरे मुळात दोन वेगळ्या पत्रांतून उचललेली असू शकतात, आणि कित्येकदा त्यांच्यातला ताल जुळत नाही. एकेकट्या अक्षराच्या घडणीसाठी हा लेख उत्तम आहे. ओळीसाठी ‘लानतिंग प्रस्तावने’कडे जावे.

ती प्रस्तावना वांगने ३५३ साली लिहिली. मूळ प्रत हरवली आहे, ती ताइझोंगबरोबर पुरली गेली असे परंपरा सांगते. बीजिंगमधली प्रत तांग काळात गिरवून केलेली आहे, पण गिरवणाऱ्याने फाटलेल्या केसांच्या खुणासुद्धा टिपल्या आहेत. तिचे पहिलेच अक्षर ‘योंग’ आहे. या अक्षरात ठिपका, आडवी, उभी, आकडा, चढती, डावीकडची लांब, आखूड आणि उजवीकडे दाबलेली उतरती अशा आठ मूलभूत हालचाली येतात, म्हणून शतकानुशतके नवशिक्यांना तेच गिरवायला देतात. त्याच लिखाणात ‘झी’ हे छोटे अक्षर सुमारे वीस वेळा आले असून कोणतेही दोन सारखे नाहीत. ते सगळे कापून एका कागदावर चिकटवावेत. एका माणसाच्या हातात फरक किती पडतो हे आधी डोळ्यांत मुरले, म्हणजे दोन माणसांतला फरक कोणता आणि एकाच माणसाच्या लहरीतला कोणता हे वेगळे करता येते. ही पायरी टाळून केलेली तुलना मला कधीच पटलेली नाही.

शाई, वेग आणि शोक

शाईच्या लिखाणात टोकाची वाट थेट दिसते. टोक रेघेच्या मध्यातून गेले असेल तर दोन्ही कडा सारख्याच नितळ असतात, आणि शाई सुकत आल्यावर पांढरे ओरखडे रेघेत सर्वत्र पसरतात. टोक एका कडेने गेले असेल तर ती कड धारदार आणि समोरची खरबरीत होते. यान झेनचिंगने आन लूशान या सेनापतीच्या बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी ७५८ साली लिहिलेल्या शोकलेखाचा मसुदा तैपेईत आहे. त्यात खाडाखोड आहे, कुंचला शाईत बुडवला की अक्षरे गडद आणि जाड होतात आणि मग ती ओढत ओढत अगदी कोरडी होईपर्यंत लिहिली जातात. शिलालेखांतला यान आणि हा यान यांत काहीच साम्य नाही असे प्रथम वाटेल. पण कोरड्या रेघांतही ओरखडे मध्यावर आहेत, दोन्ही कडांशी आहेत. टोक भरकटलेले नाही. माणसाचा हात ओळखायचा तो असा.

तांगनंतरच्या सोंग राजवटीच्या काळासाठी सू शीचा (१०३७–११०१) ‘थंड अन्नाच्या सणा’वरच्या कवितांचा पट घ्यावा, कारण त्याच पटावर हुआंग तिंगज्यानने (१०४५–११०५) आपला अभिप्राय लिहिला आहे. सू कुंचला तिरपा आणि खाली धरत असे. त्याची अक्षरे आडवी पसरलेली, मांसल आणि उजवीकडे कललेली दिसतात. कवितेत बोरूचे गवत आणि कागद या अर्थाची अक्षरे आली की उभा फटकारा अचानक लांब खाली सुटतो आणि ओळीचा श्वास बदलतो. हुआंगचे अक्षर मध्यभागी आवळलेले असते आणि तिथून लांब फटकारे चहूकडे निघतात. त्यांच्या कडा थरथरत्या आहेत, कारण तो हात सावकाश, अडवत अडवत पुढे नेतो. दोघांनी एकमेकांची थट्टा केल्याची कथा आहे. सूचे अक्षर दगडाखाली दबलेल्या बेडकासारखे, हुआंगचे झाडाच्या शेंड्यावर लटकलेल्या सापासारखे. दोन्ही वर्णने नेमकी आहेत. मी फू (१०५१–११०७) या दोघांपेक्षा वेगवान. आपण अक्षरे ‘घासतो’ असे तो स्वतःच म्हणत असे, आणि १०८८ साली रेशमावर लिहिलेल्या त्याच्या कवितांत एकाच अक्षरात टोक मध्यातून कडेकडे आणि परत जाताना दिसते.

हाताने पडताळावे

पाहिलेले खरे की भास, हे गिरवल्यावरच कळते. चिनी शेळीच्या केसांचा कुंचला मिळाला तर उत्तम, नाहीतर जलरंगाचा आठ किंवा दहा नंबरचा, टोक नीट जुळणारा गोल ब्रश चालतो. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र वापरू नये, तिच्यातल्या लाखेने केस चिकटून कुंचला कायमचा बिघडतो. सरावाला जुने वर्तमानपत्र पुरे. नागपूरच्या मे महिन्यात शाई बशीतच घट्ट होते आणि कुंचल्याचे टोक दोन अक्षरांमध्ये वाळते, मग आपलीच अक्षरे मी फूसारखी कोरडी येऊ लागतात आणि तो वेगाचा परिणाम वाटतो. सकाळी लवकर बसावे आणि शाईत थेंबभर पाणी घालत राहावे. कूलरसमोर बसले तर उलट होते. कागद ओल धरतो, शाई पसरते आणि प्रत्येक आरंभ गोल दिसतो, म्हणजे लपवलेल्या टोकाचा खोटा पुरावा तयार होतो.

गिरवताना एका बैठकीत एकच अक्षर घ्यावे आणि ते औयांग, यान, ल्यू अशा क्रमाने लिहावे. औयांगनंतर लगेच यान लिहिताना हात कुठे अडतो ते वहीत टिपावे. ‘जोमदार’, ‘सुंदर’ असे शब्द वहीत येऊ देऊ नयेत. आरंभ उघडा की झाकलेला, दाब कुठे सर्वाधिक, शेवटी कुंचला थांबला की निसटला, एवढेच लिहावे.

हे अंगवळणी पडल्यावर यानच्या दोन लेखांची तुलना करावी. दुओबाओ स्तूपाचा लेख ७५२ सालचा आहे, तेव्हा तो चाळिशी नुकतीच ओलांडलेला, बराचसा नीटनेटका, परंपरेला धरून चालणारा. यान चिनलीच्या स्मृतिशिलेचा लेख ७७९ सालचा. ती शिला दीर्घकाळ जमिनीखाली होती आणि १९२२ साली सापडली, त्यामुळे तिच्यावरून घेतलेल्या ठशांत झीज कमी आहे आणि खाच, गाठ, फुगलेल्या दांड्या स्पष्ट दिसतात.

शेवटी छापलेली अक्षरे नावे न लिहिता कापून घरातल्या कोणाला तरी मिसळायला सांगावीत आणि ओळखावीत. यान सहसा चुकत नाही. घोटाळा होतो तो औयांग आणि ल्यू यांच्यात, कारण दोघेही सडसडीत आणि दोघांचेही आरंभ छाटलेले. तिथे खाली उतरून उजवीकडे वळणारा आकडा शोधावा. औयांगचा कुंचला तो उजवीकडे लांबवत, जुन्या लीशूच्या वळणाने, हलकेच वर सोडतो. ल्यूचा थांबतो, दबतो आणि सरळ वर उसळतो. त्या अक्षरात असा आकडाच नसेल तर समोरासमोरच्या दोन दांड्या पाहाव्यात. कंबर स्पष्टपणे आत ओढलेली असेल तर ते अक्षर औयांगच्या गठ्ठ्यात टाकावे.